पन्नाशीतले द्विशतक : कर्नल नायडू आणि होळकरांचा विजयी हंगाम

क्रिकेटपटूने पस्तिशी गाठली की निवृत्तीची कुजबुज सुरू होते. चाळिशीत तो समालोचनाच्या कक्षात किंवा निवड समितीत दिसू लागतो आणि पन्नाशीत त्याचे सत्कार होतात. मार्च १९४६ मध्ये इंदूरच्या यशवंत क्लबच्या मैदानावर मात्र याच्या नेमके उलटे घडले. पन्नाशी उलटून चार महिने झालेला, उंच आणि ताठ कण्याचा एक कर्णधार रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात फलंदाजीस उतरला आणि त्याने २०० धावा काढल्या. प्रतिस्पर्धी बडोद्याचा संपूर्ण पहिला डाव १९८ धावांत आटोपला होता. म्हणजे अकरा जणांच्या संघाला जेवढे जमले नाही, तेवढे या एका माणसाने केले होते. तो कर्णधार म्हणजे कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू. अवघा देश त्यांना सी. के. म्हणून ओळखत असे.

भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे कर्णधार हीच सी. के. नायडू यांची ओळख शालेय पुस्तकांतून आणि प्रश्नमंजूषांतून आपल्यापर्यंत पोहोचली आहे. ती खरी आहे, पण अपुरी आहे. कसोटी क्रिकेटमध्ये त्यांच्या वाट्याला अवघे सात सामने आले. त्यांपैकी चारच सामन्यांत नेतृत्व त्यांच्याकडे होते. नेता म्हणून त्यांचे खरे मोठेपण पाहायचे असेल, तर लॉर्ड्सपेक्षा इंदूरकडे पाहावे लागते. होळकर संस्थानाच्या पगारी खेळाडूंमधून त्यांनी जो संघ उभा केला आणि १९४४-४५ च्या दारुण पराभवानंतर अवघ्या एका वर्षात त्याला जे अजिंक्यपद मिळवून दिले, त्यात या माणसाच्या चरित्राचे सार सापडते.

नागपूरचा मुलगा

सी. के. यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे मूळचे तेलुगू. आजोबा नामांकित वकील, जमीनदार आणि राष्ट्रीय सभेच्या आरंभीच्या काळातील सभासद होते. वडील सूर्यप्रकाश राव केंब्रिजला शिकून आलेले होते. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती. भंडारा, वर्धा, चांदा, बालाघाट या जिल्ह्यांचा कारभार ज्या नागपूर विभागातून चाले, त्याचे मुख्य ठिकाणही तेच होते. पूर्वेकडच्या धानपट्ट्यातील मुले महाविद्यालयीन शिक्षणासाठी वैनगंगा ओलांडून नागपूरचीच वाट धरीत. कचेऱ्या, न्यायालये, मिशनऱ्यांच्या शाळा आणि लष्करी छावणी यांच्या आश्रयाने या शहरात क्रिकेट रुजले. हिस्लॉपच्या शाळकरी संघाचे नेतृत्व सी. के. यांच्याकडे आले ते या वातावरणात. याच घरात १९१४ मध्ये जन्मलेले धाकटे बंधू सी. एस. नायडू हेही पुढे कसोटीपटू झाले.

१९१६ मध्ये सी. के. हिंदू संघाकडून युरोपीय संघाविरुद्ध प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळले. संघाची अवस्था ७ बाद ७९ अशी बिकट असताना ते मैदानात आले. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे तटवले आणि चौथा थेट सीमेपार भिरकावला. सावध राहा, अंदाज घ्या आणि मग घाव घालताना कचरू नका, ही त्यांची पुढच्या चाळीस वर्षांची रीत त्या चार चेंडूंतच दिसली होती.

परंतु गुण असले तरी चरितार्थाचा प्रश्न सुटत नव्हता. त्या काळी हिंदुस्थानात व्यावसायिक क्रिकेट नावाची वस्तू नव्हती. सामन्याचे मानधन नव्हते, प्रायोजक नव्हते. घरची सुबत्ता असलेल्याने हौस म्हणून खेळावे, नसलेल्याने नोकरी सांभाळून जमेल तेवढे खेळावे, असा मामला होता. नागपुरात क्रिकेटवर प्रेम करणारी माणसे भरपूर होती, पण एखाद्या खेळाडूला केवळ खेळासाठी पोसू शकेल अशी व्यवस्था नव्हती. ती संस्थानांत होती. १९२३ मध्ये होळकर दरबाराचे बोलावणे आले आणि सी. के. नागपूर सोडून इंदूरला गेले. होळकरांच्या फौजेत त्यांना हुद्दा मिळाला. पुढे ते कर्नल झाले आणि ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

अकरा षटकार आणि एक कसोटी

१९२६ साली आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाविरुद्धच्या सामन्यात पाहुण्यांच्या गाय अर्ल यांनी आठ षटकारांसह शतक ठोकले. साहेबाच्या फटकेबाजीने प्रेक्षक दिपून गेले असतानाच १ डिसेंबर रोजी सी. के. फलंदाजीस उतरले. त्यांनी ११६ मिनिटांत १५३ धावा फटकावल्या आणि त्यांत ११ षटकार होते. एका डावात इतके षटकार तोवर कोणी मारले नव्हते. बातमी शहरात पसरली तशी मैदानाभोवतीची गर्दी वाढत गेली आणि आसपासच्या इमारतींची छपरे, झाडांच्या फांद्याही माणसांनी भरून गेल्या. त्या सामन्याने गिलिगन यांची खात्री पटली की हा देश कसोटी क्रिकेटच्या योग्यतेचा आहे. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ मध्ये भारताचा संघ पहिली अधिकृत कसोटी खेळण्यासाठी इंग्लंडला गेला.

त्या दौऱ्याचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते आणि उपकर्णधारही लिंबडीच्या राजघराण्यातले होते. कर्णधार राजघराण्यातलाच हवा, ही तेव्हाची समजूत होती. आपल्या खेळाच्या मर्यादा ओळखण्याचा मोठेपणा पोरबंदरकरांनी दाखवला. लिंबडीकर दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचे नेतृत्व सी. के. यांच्याकडे आले. संघातील काहींना हे रुचले नव्हते. पोरबंदरकरांच्या पाठिंब्यामुळे ती कुरबुर थंडावली. पहिल्या डावात हाताला दुखापत झालेली असताना सी. के. यांनी ४० धावा केल्या आणि संघाच्या डावातील ती सर्वोच्च धावसंख्या ठरली. भारत १५८ धावांनी हरला, पण लाजिरवाणा हरला नाही. १९३३ च्या विस्डेनने वर्षातील पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत सी. के. यांची गणना केली.

१९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिन यांचा संघ भारतात आला तेव्हा तिन्ही कसोटींत तेच कर्णधार होते. मात्र १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधारपद विजयानगरमचे महाराजकुमार अर्थात विझी यांच्याकडे गेले. खेळापेक्षा वजन आणि वशिला यांच्या जोरावर झालेली ही निवड भारतीय क्रिकेटच्या इतिहासातील एक खेदजनक प्रकरण आहे. संघात गट पडले. लाला अमरनाथ यांना दौरा अर्धवट सोडून मायदेशी परतावे लागले. सी. के. यांचा सर्वांसमक्ष अपमान करणाऱ्या एका खेळाडूला कसोटी पदार्पणाची बक्षिशी मिळाल्याची कथाही वारंवार सांगितली गेली आहे. सी. के. मात्र आपल्या कामाशी इमान राखून खेळत राहिले. ओव्हलच्या अखेरच्या कसोटीत गबी ॲलन यांचा वेगवान चेंडू अंगावर बसल्यानंतरही त्यांनी ८१ धावा केल्या. ती त्यांची शेवटची कसोटी ठरली. त्यानंतर महायुद्धामुळे दहा वर्षे भारताच्या वाट्याला कसोटी सामनाच आला नाही.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यायला हवी. राजेरजवाड्यांच्या राजकारणाने सी. के. यांच्याकडून देशाचे नेतृत्व हिरावून घेतले आणि त्यांची उपजीविका चालत होती तीही एका राजाच्याच पदरी. कडवटपणा धरून बसायला ही परिस्थिती पुरेशी होती. त्यांनी मार्ग निवडला तो वेगळा. देशाचा संघ नाही तर नाही, जो संघ हाती आहे तोच देशातला सर्वोत्तम करून दाखवायचा, असे त्यांनी मनाशी ठरवले असावे. पुढची वीस वर्षे तरी याचीच साक्ष देतात.

पगारी संघ, पण भाडोत्री नव्हे

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. आरंभी इंदूर परिसराचे खेळाडू मध्य भारत या संघाकडून खेळत. १९४१-४२ पासून होळकर या नावाने स्वतंत्र संघ उतरू लागला. महाराजा यशवंतराव होळकर यांचा त्यामागे आर्थिक पाठबळासह वरदहस्त होता. खेळाडूंना संस्थानात नोकऱ्या आणि फौजेत हुद्दे मिळत आणि वर्षभर सरावाची मुभा असे. आजच्या भाषेत बोलायचे तर हा व्यावसायिक संघच होता, फक्त त्याचा मालक एखादी कंपनी नसून दरबार होता. खुद्द सी. के. यांनी १९४१ मध्ये एका औषधाच्या जाहिरातीसाठी आपले नाव दिले होते. जाहिरातीत झळकणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू मानले जातात.

या संघाची यादी वाचताना मराठी वाचकाला ती आपल्याच माणसांची वाटेल. इंदूरचे माधवसिंह जगदाळे, यष्टिरक्षक भांडारकर, सागर येथे जन्मलेले चंदू सरवटे, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आणि त्यांच्या जोडीला नागपूरमध्ये जन्मलेले डावखुरे गोलंदाज हिरालाल गायकवाड. खुद्द इंदूरचे सय्यद मुश्ताक अली हे या संघाचे भूषण होते. परदेशात कसोटी शतक झळकावणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यातील गुण ओळखून त्यांना बालपणापासून घडवले ते सी. के. यांनीच. धाकटे बंधू सी. एस. नायडू आपल्या लेगस्पिनसह संघात आले होते.

पैसा टाकून खेळाडू गोळा करता येतात, संघ गोळा करता येत नाही. तो घडवावा लागतो. सी. के. यांची शिस्त फौजी होती. वेळेवर येणे, स्वच्छ पोशाख, क्षेत्ररक्षणात हयगय नाही आणि चेंडू लागला तरी वेदना दाखवायची नाही, असा त्यांचा दंडक होता. तरुण खेळाडू त्यांना वचकून असत. पण जो नियम इतरांना तोच स्वतःला, हे ते रोज पाहत असल्यामुळे त्या वचकात आदर मिसळलेला असे. आपल्या वयाच्या निम्म्या वयाच्या मुलांबरोबर हा माणूस सरावाला उभा राहत असे. त्यापुढे कुणाची सबब टिकणार?

२०७८ धावांचा पराभव

मार्च १९४५ मध्ये होळकर संघ पहिल्यांदा रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. गाठ पडली मुंबईशी, मुंबईच्याच ब्रेबर्न स्टेडियमवर. सामन्याला दिवसांची मर्यादा नव्हती, निकाल लागेपर्यंत खेळायचे होते. मुंबईने ४६२ धावा केल्या, होळकर संघाने ३६०. दुसऱ्या डावात मुंबईने धावांचा डोंगरच रचला. विजय मर्चंट यांच्या २७८ आणि रूसी मोदी यांच्या १५१ धावांच्या बळावर मुंबईने ७६४ पर्यंत मजल मारली. होळकर संघापुढे आव्हान होते ८६७ धावांचे.

असे लक्ष्य पाहून भलेभले हातपाय गाळतील. होळकर संघाने ४९२ धावा केल्या. पहिल्या डावात १०९ धावा करणाऱ्या मुश्ताक अलींनी दुसऱ्या डावात १३९ केल्या. युद्धकाळात महू येथील छावणीत नेमणुकीस असलेले आणि होळकर संघाकडून खेळत असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिले. त्यांना साथ द्यायला दुसऱ्या बाजूला कोणी उरले नाही. मुंबईने ३७४ धावांनी सामना जिंकला. दोन्ही संघांच्या मिळून २०७८ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात तोवर एवढ्या धावा कधीही झाल्या नव्हत्या.

या सामन्यातील एक आकडा मात्र होळकर संघाच्या स्वभावाविषयी अधिक सांगून जातो. सी. एस. नायडू यांनी दोन डावांत मिळून १५२.५ षटके, म्हणजे ९१७ चेंडू टाकले. त्यांना ११ बळी मिळाले आणि त्यासाठी ४२८ धावा मोजाव्या लागल्या. एका सामन्यात एका गोलंदाजाने टाकलेले सर्वाधिक चेंडू आणि दिलेल्या सर्वाधिक धावा, असे दोन्ही विक्रम त्यांच्या नावावर जमा झाले. मुंबईच्या फलंदाजांनी ठोकून काढले तरी चेंडू खाली ठेवायचा नाही, ही थोरल्या भावाची शिकवण धाकट्याने अशी पाळली. पराभव झाला, पण संघ मोडला नाही. पुढच्या हंगामाची पायाभरणी या पराभवातच झाली.

सहा शतकांचा डाव

१९४५-४६ चा हंगाम उजाडला तेव्हा महायुद्ध संपले होते. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभा होता आणि संस्थानांचे भवितव्य टांगणीला लागले होते. महाराजांच्या आश्रयावर उभा राहिलेला संघ आणखी किती वर्षे टिकेल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कर्णधाराने ऑक्टोबरात पन्नाशी पूर्ण केली होती. पुढच्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला जाणार होता, पण पन्नाशीतल्या माणसाचा त्या निवडीशी काही संबंध उरला नव्हता. त्यामुळे सी. के. यांच्या दृष्टीने जे काही करायचे ते याच मैदानांवर आणि याच संघाकडून करायचे होते.

उपांत्य फेरीत म्हैसूरचा संघ इंदूरला आला आणि एक अघटित घडले. होळकर संघाने ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला आणि त्या एका डावात सहा फलंदाजांनी शतके केली. भाऊसाहेब निंबाळकर १७२, जगदाळे १६४, भांडारकर १४२, चंदू सरवटे १०१, कर्णधार सी. के. नायडू १०१ आणि प्रतापसिंह १००. एका डावात सहा शतके प्रथम श्रेणी क्रिकेटच्या इतिहासात तोवर कधीही झाली नव्हती. रणजी स्पर्धेतील ही धावसंख्या तब्बल ४८ वर्षे कोणालाही मागे टाकता आली नाही. १९९३-९४ मध्ये हैदराबादने ६ बाद ९४४ धावा केल्या तेव्हा ती मागे पडली. शतकवीर सरवटे यांनी याच सामन्यात म्हैसूरचा एक डाव कापून काढताना ६१ धावांत ९ बळी घेतले.

या डावाचे महत्त्व विक्रमापुरते नाही. आदल्या वर्षी मुंबईने धावांच्या राशी कशा रचायच्या हे होळकर संघाला दाखवून दिले होते. मुंबईचे क्रिकेट चिकाटीचे, तर सी. के. यांचे फटकेबाजीचे. प्रतिस्पर्ध्याकडून शिकण्यात कमीपणा न मानता त्यांच्या संघाने ती चिकाटी आत्मसात केली होती. मुश्ताक अलींच्या बॅटीतून धावा आल्या तरच डाव उभा राहतो, असा हा संघ आता उरला नव्हता. सहा जणांची शतके हा त्याचा पुरावा होता.

अंतिम सामना

अंतिम फेरीत समोर बडोदा होते. गायकवाडांचे हे संस्थानही क्रिकेटला उदार आश्रय देणारे होते आणि त्या काळी विजय हजारे, हेमू अधिकारी यांच्यासारखे मातब्बर खेळाडू त्यांच्या पदरी होते. होळकर विरुद्ध गायकवाड म्हणजे मराठेशाहीच्या दोन सरदार घराण्यांची गाठ. रणांगण संपले होते, मैदान उरले होते.

होळकर संघाने पहिल्या डावात ३४२ धावा केल्या. त्यांपैकी २०० एकट्या कर्णधाराच्या होत्या. उरलेले दहा जण आणि अवांतर धावा मिळून १४२. उपांत्य फेरीत सहा जणांनी शतके केली होती, पण अंतिम सामन्यात वेळ आली तेव्हा डाव तोलून धरायला पन्नाशीतलाच माणूस उभा राहिला. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील सी. के. यांची ही सर्वोच्च धावसंख्या. एकोणतीस वर्षांपेक्षा अधिक काळ खेळत असलेल्या फलंदाजाने आपली सर्वांत मोठी खेळी पन्नाशीनंतर आणि तीही अंतिम सामन्यात करावी, याला क्रिकेटमध्ये क्वचितच जोड सापडेल.

बडोद्याचा पहिला डाव १९८ धावांत संपला. दुसऱ्या डावात होळकर संघाने २७३ धावांची भर घातली आणि बडोद्यापुढे ४१८ धावांचे लक्ष्य ठेवले. बडोदा सहजासहजी हार मानणारे नव्हते. त्यांनी झुंज देत ३६१ धावांपर्यंत मजल मारली. होळकर संघ ५६ धावांनी जिंकला आणि रणजी करंडक पहिल्यांदा इंदूरला आला. विजयाचे अंतर ५६ धावांचे आणि कर्णधाराची खेळी २०० धावांची. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे त्या खेळीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यात मुश्ताक अली, सी. एस. नायडू आणि सरवटे यांची निवड झाली. ओव्हल मैदानावर सरे संघाविरुद्ध सरवटे आणि शूट बॅनर्जी या दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी शतके ठोकून अखेरच्या जोडीसाठी २४९ धावांची भागीदारी केली. इंदूरच्या शिस्तीत तयार झालेल्या खेळाडूने परमुलखात गाजवलेला हा पराक्रम होता. पुढे १९८३ चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्या समितीतही सरवटे होते. भाऊसाहेब निंबाळकर यांच्या नशिबी मात्र कसोटी कधीच आली नाही. १९४८ मध्ये महाराष्ट्राकडून खेळताना पुण्यात नाबाद ४४३ धावा करूनही नाही.

यशानंतरची परीक्षा

यश टिकवणे मिळवण्यापेक्षा अवघड असते. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याने मागच्या वर्षीच्या पराभवाचे पुरेपूर उट्टे काढले. विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावांची विश्वविक्रमी भागीदारी केली आणि होळकर संघाचा एक डाव ४०९ धावांनी धुव्वा उडवला. ५१ वर्षांचा कर्णधार अशा पराभवानंतर निवृत्त झाला असता तर कोणी बोल लावला नसता. पण १९४७-४८ मध्ये होळकर संघाने मुंबईला नऊ गडी राखून हरवले आणि करंडक परत आणला. तीन वर्षांपूर्वी ब्रेबर्नवर झालेल्या पराभवाचा हिशेब असा चुकता झाला.

संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले, तरी संघ होळकर या नावानेच खेळत राहिला. १९५०-५१ मध्ये गुजरातला आणि १९५२-५३ मध्ये बंगालला मागे टाकून त्याने आणखी दोनदा अजिंक्यपद मिळवले. सी. के. यांच्या नेतृत्वाखाली नऊ वर्षांत आठ अंतिम सामने आणि चार अजिंक्यपदे, असा हा ताळेबंद आहे. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू सी. के. यांच्या तोंडावर बसला आणि त्यांचे दात तुटले. वय ५६. त्यांनी मैदान सोडण्यास नकार दिला आणि फलंदाजी पुढे चालू ठेवली. वेदना दाखवायची नाही, हा संघाला घालून दिलेला दंडक त्यांनी स्वतः असा पाळला.

होळकर संघ सोडल्यावरही त्यांची बॅट म्यान झाली नाही. १९५३-५४ मध्ये आंध्रचा संघ रणजी स्पर्धेत प्रथमच उतरला तेव्हा त्याचे नेतृत्व त्यांनी केले. १९५६-५७ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. १९६३-६४ च्या हंगामात मदतनिधीसाठी झालेल्या एका सामन्यात ६८ वर्षांचे सी. के. शेवटचे मैदानात दिसले. प्रथम श्रेणीच्या २०७ सामन्यांत ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी, अशी त्यांची कारकीर्द आहे. १९५६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. हा सन्मान मिळालेले ते पहिले क्रिकेटपटू. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू यांनी पुढे देशातील आरंभीच्या महिला क्रिकेट समालोचकांमध्ये स्थान मिळवले आणि वडिलांच्या आठवणीही लिहून ठेवल्या.

इंदूरहून नागपूरला

नियामक मंडळाने तरुण खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेला आणि जीवनगौरव पुरस्काराला सी. के. यांचे नाव दिले आहे.  त्यांच्या आयुष्याने मांडलेला प्रश्न मात्र त्याहून मोठा आहे. गुणी खेळाडूला आपले गाव का सोडावे लागते? १९२३ मध्ये नागपूरकडे सी. के. यांना थांबवण्यासारखे काही नव्हते, होळकरांकडे होते. पगार, वेळ, मैदान आणि आपल्या मनाप्रमाणे संघ घडवण्याची मोकळीक, या चार गोष्टी मिळाल्या तेव्हा सी. के. यांच्यासारख्या माणसाच्या हातून काय घडू शकते, हे १९४५-४६ च्या हंगामाने दाखवून दिले. आश्रयदाता राजा असो, मंडळ असो वा कंपनी, त्याशिवाय केवळ जिद्दीवर संघ उभा राहत नाही. आणि जिद्द नसेल तर कितीही आश्रय मिळाला तरी तो वायाच जातो.

नागपूरने या प्रश्नाचे उत्तर द्यायला जवळपास शंभर वर्षे घेतली. भंडारा-गोंदियापासून बुलडाण्यापर्यंत अकरा जिल्ह्यांचा कारभार पाहणाऱ्या विदर्भ क्रिकेट संघटनेने अकादमी उभारली आणि स्थानिक मुलांवर मेहनत घेतली. जोडीला वसीम जाफरसारखा अनुभवी खेळाडू बाहेरून आणला, प्रशिक्षणाची धुरा चंद्रकांत पंडित यांच्याकडे सोपवली. वर्षानुवर्षे दुबळा म्हणून गणला गेलेला विदर्भाचा संघ फैज फजलच्या नेतृत्वाखाली २०१७-१८ मध्ये प्रथमच रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक आणि अक्षय वाडकरचे शतक यांच्या जोरावर दिल्लीला नऊ गडी राखून हरवत १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने करंडक जिंकला. त्यानंतर २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्येही तो विदर्भाकडे आला. होळकरांच्या १९५२-५३ च्या विजयानंतर इंदूरच्या मातीला मात्र पुढच्या अजिंक्यपदासाठी २०२२ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी मुंबईला नमवणाऱ्या मध्य प्रदेशाचे प्रशिक्षकही पंडितच होते.

विदर्भाचा तो पहिला अंतिम सामना झाला ते शहर होते इंदूर आणि मैदानाचे नाव होळकर स्टेडियम. पोटापाण्यासाठी आणि खेळासाठी नागपूरच्या एका तरुणाने ज्या शहराची वाट धरली होती, त्याच शहरातून नागपूरकरांनी ९५ वर्षांनी करंडक घरी आणला.